बैठ्या खेळांतून मुलांची भाषा: घरच्या घरी, एकेका पाळीने

"एक कमी पडला असता ना, तर वाचले असते मी!"

सापशिडीच्या पटावर ओणवी होऊन माझी धाकटी हे म्हणाली तेव्हा तिला पाच वर्षंही पूर्ण झाली नव्हती. सोंगटी सापाच्या तोंडात गेलेली, चेहरा रडवेला, आणि तोंडातून निघालेलं वाक्य मात्र मराठीतल्या अवघड रचनांपैकी एक. जे घडलंच नाही ते घडलं असतं तर काय झालं असतं, हे सांगणारं. ही रचना तिला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. पण त्याआधी दोन-तीन महिने आम्ही जवळजवळ रोज संध्याकाळी सापशिडी मांडत होतो, आणि माझी सोंगटी घसरली की मी दर वेळी मोठ्याने हळहळत होते, "अरेरे, एक जास्त पडला असता तर शिडी मिळाली असती!"

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. खेळाचा डबा भाषा शिकवत नाही, पटाभोवती जे बोललं जातं ते शिकवतं. एकच सापशिडी दोन घरांत खेळली जाते. एका घरात अर्ध्या तासात "टाक", "झालं?", "आता मी" एवढंच ऐकू येतं. दुसऱ्या घरात तेवढ्याच वेळात अंदाज बांधले जातात, तक्रारी होतात, सल्ले दिले जातात, हळहळ होते. पट तोच, फासा तोच. दुसऱ्या घरातलं वातावरण आपल्या घरी कसं आणायचं, ते पायरीपायरीने सांगते. यातलं बरंचसं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना लागू पडतं.

खेळच का?

दोघांच्या सापशिडीत फासा सहज चाळीस-पन्नास वेळा पडतो. म्हणजे तीच परिस्थिती चाळीस-पन्नास वेळा येते आणि तेच वाक्य थोड्याफार फरकाने तितक्या वेळा लागतं. एरवी एखादी रचना मुलाच्या कानावर इतक्यांदा घालायची म्हटलं तर आपणही कंटाळू आणि मूलही. खेळात कुणी कंटाळत नाही, कारण प्रत्येक वेळी काय पडणार याची धाकधूक खरी असते.

दुसरं कारण पाळीचं. आधी तू, मग मी, मग पुन्हा तू. संभाषणाचा सांगाडा हाच असतो. रेचेल रोमिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि गोष्ट ऐकताना त्या मुलांच्या मेंदूत काय घडतं ते पाहिलं. ज्या मुलांशी मोठ्यांचं बोलणं आलटून-पालटून, म्हणजे मूल बोललं की मोठं माणूस, मग पुन्हा मूल, असं जास्त होत होतं, त्यांच्या मेंदूतला भाषेशी निगडित भाग गोष्ट ऐकताना जास्त सक्रिय दिसला. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले, यापेक्षा ही देवाणघेवाण महत्त्वाची ठरली. छोटा अभ्यास आहे, एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरी मुलासमोर अखंड बडबड करणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी तो लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: बसण्याआधी

टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. पंधरा मिनिटं पुरतात. मुलाच्या समोर बसा, शेजारी नको. बोलताना तुमचे ओठ आणि चेहरा त्याला दिसायला हवा. भिडू दोन किंवा तीनच असावेत. पाचजण जमले की अबोल मूल हमखास मागे पडतं आणि त्याच्या वाटचं बोलणं ताई-दादाच उरकून टाकतात.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर छोटे फासे आणि सोंगट्या त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकण्याचा धोका खरा आहे. त्या वयाला मुठीत मावणार नाही एवढा मोठा ठोकळ्यासारखा फासा आणि तळहाताएवढी चित्रं घ्या.

खेळ निवडताना मुलाच्या वयापेक्षा थोडा सोपाच निवडा. डब्यावर "५ वर्षांपुढील" लिहिलंय आणि आपलं मूल हुशार आहे म्हणून चौथ्या वर्षीच तो खेळ काढायचा, हा मोह मलाही झाला होता. पण सगळं लक्ष नियम सांभाळण्यात गेलं तर बोलायला डोकं मोकळं उरत नाही. नियम अंगवळणी पडलेल्या खेळातच तोंड सुटतं.

पायरी २: डबा उघडताना

"हे काय आहे? हा कुठला रंग? सांग ना!" अशी परीक्षा घेऊ नका. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे तो प्रश्न विचारला की मुलाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा खरी गरज तयार करा. "मला हिरवी सोंगटी हवी. तुला कुठली?" किंवा फासा द्यायला मुद्दाम विसरा आणि पट मांडून नुसतं बसा. "फासा कुठाय?" हे मूलच विचारेल. न विचारता बोट दाखवलं तर "अगं, फासा राहिला की! दे बरं तो फासा" असं म्हणून शब्द त्याच्या कानावर घाला आणि पुढे चला.

खेळाचे शब्द आपल्या भाषेत फार छान आहेत, ते वापरात ठेवा: पट, घर, सोंगटी, फासा, दान, भिडू, डाव. "सहाचं दान पडलं!" म्हणताना जी मजा येते ती मुलालाही मिळू दे.

पायरी ३: नियम आधी ऐकायचे, मग सांगायचे

सगळे नियम एकदम सांगू नका. एक नियम सांगा, करून दाखवा, एक-दोन पाळ्या खेळा, मग दुसरा.

खरी गंमत आठवड्याभराने सुरू होते. घरातल्या अशा माणसाला बोलवा ज्याला हा खेळ येत नाही, किंवा जो येत नसल्याचं सोंग आनंदाने वठवेल. नियम समजावण्याचं काम मुलाकडे द्या. आमच्याकडे हे काम आजोबांनी फार मनावर घेतलं होतं. त्यांना जे सांगितलं जाईल तेवढंच ते करायचे. नात म्हणाली, "फासा टाका." आजोबांनी फासा स्वतःच्या मांडीवर टाकला. "असं नाही आजोबा, पटावर टाका!" त्यांनी पटाच्या मधोमध हळूच ठेवला. "ठेवायचा नाही, आधी हातात खुळखुळवायचा, मग सोडायचा. आणि पटाच्या बाहेर गेला तर परत टाकायचा." पहिल्या दोन शब्दांच्या सूचनेपासून शेवटच्या वाक्यापर्यंत काय फरक पडला बघा. आधी-मग आलं, तर आलं, "ठेवायचा" आणि "टाकायचा" यातला भेद आला. हे सगळं शिकवून आलं नाही, आजोबांना समजावता समजावता आलं.

पायरी ४: दर पाळीला एक वाक्य, आणि मग थांबणं

या लेखातलं एकच काही करून बघायचं असेल तर ही पायरी करा.

तुमची पाळी आली की फासा टाकण्याआधी किंवा टाकल्यावर एक वाक्य मोठ्याने बोला. एकच. "मला चार हवेत, चार पडले तर शिडी आहे." "नको ते पाच, पाचवर साप बसलाय." "बघ, माझी सोंगटी तुझ्या मागेच आली." टाकण्याआधी भविष्यकाळ, टाकल्यावर भूतकाळ, आणि फसलं की "असतं तर". काळांची आवर्तनं आपोआप होतात.

मग मुलाची पाळी. इथे गप्प बसायचं. हे वाटतं तितकं सोपं नाही. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७०च्या सुमारास वर्गांमधल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. घरात आपण वेगळे नसतो. मनातल्या मनात पाच आकडे मोजा, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवा, भुवया उंचवा, पण बोलू नका. चौथ्या आकड्याला बऱ्याचदा काहीतरी येतं.

जे येईल ते चुकीचं असलं तरी खोडू नका. तेच वाक्य नीट करून, थोडं वाढवून परत द्या. मूल म्हणालं, "माझा सोंगटी पडला," तर "सोंगटी स्त्रीलिंगी असते" हे सांगायची ही वेळ नव्हे. "हो रे, तुझी सोंगटी पडली! पटाखाली गेली वाटतं." मूल म्हणालं, "फासाने सहा दिला," तर "फाशाने सहा दिले? नशीबवान आहेस!" मूल म्हणालं, "सापाला तू गिळलं," तर "हो ना, मला सापाने गिळलं. थेट खाली आले मी!" मराठीत "ने" आणि "ला" यांच्या जागा चुकल्या की कुणी कुणाला गिळलं तेच उलटं होतं. आणि "फासा"चं "फाशाने", "घोडा"चं "घोड्याला" होताना शब्दाचं अंगच बदलतं. हे नियम तोंडी सांगून कळण्याचं हे वय नाही. बरोबर रूप योग्य क्षणी, स्वतःच्या वाक्याला लागून, लगेच कानावर पडलं की ते मुरतं. मुलाकडून ते पुन्हा म्हणवून घेऊ नका. "म्हण बरं, फाशाने" असं झालं की खेळ संपला आणि शिकवणी सुरू झाली.

उच्चारांचंही तसंच. र, ळ यांसारखे ध्वनी अनेक मुलांना उशिरा जमतात. "तुझी पाली" म्हणालं तर "हो, माझी पाळी" म्हणा आणि फासा उचला.

आणि प्रश्नांचं प्रमाण सांभाळा. मी स्वतःपुरता असा नेम ठेवला आहे: एक प्रश्न विचारला तर पुढच्या दोन पाळ्या नुसतं बोलायचं, विचारायचं नाही. प्रश्नांचा भडिमार झाला की मूल "हो", "नाही", "माहीत नाही" यांवर येऊन थांबतं.

पायरी ५: कोणत्या खेळातून काय मिळतं

*जोड्या लावण्याचा खेळ.* पालथी कार्डं, दोन उघडायची, सारखी निघाली की आपली. मराठी अनेकवचनासाठी याहून चांगला खेळ मला सापडलेला नाही. मराठीत अनेकवचनाचा एकच प्रत्यय नाही. घोडा-घोडे, वही-वह्या, पान-पानं, फूल-फुलं, वीट-विटा, भिंत-भिंती, आणि चेंडू मात्र चेंडूच. डब्यातली चित्रं चालतात, पण ही कार्डं घरी केलेली उत्तम. जुन्या खोक्याचा पुठ्ठा सारख्या आकारात कापा, प्रत्येक चित्र दोनदा काढा आणि चित्रं निवडताना वरच्या प्रत्येक प्रकारातलं एक घ्या. सहा जोड्यांपासून सुरुवात करा, मग आठ, मग दहा. नियम एवढाच: जोडी मिळाली की वाक्य बोलून उचलायची, "मला दोन वह्या मिळाल्या!" मूल "दोन वही" म्हणालं तरी जोडी त्याचीच. तुम्ही फक्त "अरे वा, दोन वह्या! मला एकही वही दिसली नव्हती" म्हणा. एकवचन-अनेकवचन दोन्ही एका दमात आलं.

चार वर्षांच्या पुढे यात आणखी एक अट घाला: बोट दाखवायचं नाही, कुठलं कार्ड उघडायचं ते तोंडाने सांगायचं. "वरच्या रांगेतलं, डावीकडून दुसरं." "खिडकीच्या बाजूचं शेवटचं." वर, खाली, मधलं, शेजारचं, पलीकडचं यांची चांगलीच झाडाझडती होते.

*सापशिडी.* बोलण्याबद्दल वर आलंच आहे, आता आकड्यांबद्दल. गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ साली दाखवलं की १ ते १० आकड्यांची घरं ओळीने असलेला साधा पट पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत खेळल्यावर बालवाडीच्या वयाच्या मुलांची आकड्यांची जाण सुधारली. आकड्यांऐवजी रंगांची घरं असलेला पट खेळलेल्या मुलांत तशी सुधारणा दिसली नाही. सोंगटी सरकवताना मुलं घरावरचा आकडा मोठ्याने म्हणत होती, ही त्यातली मेख. पुढे २०१४ मध्ये एलिडा लास्की आणि सीगलर यांनी १०० घरांच्या पटावर हेच तपासलं तेव्हा मोजायची पद्धत महत्त्वाची ठरली. सोंगटी २३ वर असेल आणि तीन पडले असतील तर "एक, दोन, तीन" म्हणायचं नाही, "चोवीस, पंचवीस, सव्वीस" म्हणायचं.

मराठीत याची गरज जरा जास्तच आहे. सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, यातलं सात दर वेळी वेगळा वेष घालून येतं. शिवाय एकोणतीस बोलायला सुरुवात केली की तीस आधी आठवावे लागतात. हे शब्द पाठ करून घ्यायचे म्हटले की मुलं रडकुंडीला येतात. सोंगटीचं बोट धरून चाललं की तेच शब्द ओळखीच्या रस्त्यावरच्या खुणांसारखे होतात. आमच्याकडे कुठल्या शिडीच्या पायथ्याशी कुठला आकडा आहे हे मुलांना तोंडपाठ झालं होतं, आणि ते पाठ करायला कुणी सांगितलं नव्हतं.

*चेहरा ओळखा.* "गेस हू" या नावाने १९७९ साली आलेल्या खेळात २४ चेहरे असतात. समोरच्याने मनात कुणाला धरलं आहे ते हो-नाहीचे प्रश्न विचारून ओळखायचं. घरी मासिकातले बारा चेहरे कापूनही हा मजेत खेळता येतो. लहान मुलं सुरुवातीला थेट एकेक नाव घेतात, "हा का? मग हा का?" तसंच असतं ते. १९६६ साली मॉशर आणि हॉर्न्सबी यांनी अशाच प्रश्नांच्या खेळातून दाखवलं होतं की सहा वर्षांची मुलं बहुतेकदा एकेक वस्तू विचारत जातात, अकराव्या वर्षापर्यंत मात्र गटच्या गट बाद करणारे प्रश्न रुळतात. म्हणून घाई नको, पण वाट दाखवता येते. तुमच्या पाळीला तुम्ही गटाचा प्रश्न विचारा आणि त्याचा फायदा बोलून दाखवा: "चष्मा आहे का? नाही? मग चष्मेवाले सगळे बाद! सहा गेले एका झटक्यात."

हा खेळ मला आवडतो त्याचं खरं कारण जो-तो रचना. "ज्याच्या डोक्यावर टोपी आहे तो." "जिचे केस कुरळे आहेत ती." रोजच्या बोलण्यात मुलांना ही वाक्यं फारशी लागतच नाहीत. इथे लागतात, कारण नाव माहीत नसलेल्या माणसाला ओळखायचं आहे.

*आडपडद्याचा खेळ.* बोलण्याच्या अडचणींवर काम करणारे तज्ज्ञ हा खेळ जगभर वापरतात आणि त्याला लागतं जवळजवळ काहीच नाही. दोघांकडे सारख्याच पाच-सहा वस्तू: एक पेला, एक चमचा, लाल ठोकळा, निळा ठोकळा, एक छोटी गाडी, एक मोठी गाडी. मध्ये जाड फाइल उभी करायची. एकाने आपल्या वस्तू मांडायच्या आणि पलीकडच्याला सांगून तशाच मांडायला लावायच्या. शेवटी फाइल बाजूला करून दोन्ही मांडण्या जुळतात का बघायचं.

मोठा सहा वर्षांचा असताना आम्ही हा पहिल्यांदा खेळलो. तो म्हणाला, "आता ही त्याच्यावर ठेव." मी म्हटलं, "ही म्हणजे कुठली? आणि कशावर?" तो पलीकडून, "अगं ही! ही बघ!" असं म्हणत गाडी हवेत नाचवत होता. फाइलीमुळे मला काही दिसत नव्हतं. दोन क्षण शांतता. मग, "छोटी गाडी. पेला आधी उपडा घाल. त्याच्यावर छोटी गाडी." हे, ते, तिथे, असं, हे शब्द हाताच्या खुणेवर जगतात. खूण दिसेनाशी झाली की मुलाला खरे शब्द शोधावे लागतात, आणि ऐकणाऱ्याला काय दिसत नाही याचा विचारही करावा लागतो. हा विचार लिहायला लागल्यावर तर फारच कामी येतो. आळीपाळीने सांगणारा बदला, आणि तुमच्या पाळीला अधूनमधून अर्धवट सूचना द्या. "ठोकळा ठेव." मुलाने "कुठला ठोकळा?" विचारलं की समजा खेळ रंगला.

*चित्रांवरून गोष्ट.* चित्रांचे फासे मिळतात. "स्टोरी क्यूब्ज"च्या संचात नऊ फासे आणि ५४ चित्रं असतात. कापलेली वीस चित्रंही चालतात. एकेक चित्र काढायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. इथे सगळी मुलं एकाच ठिकाणी अडकतात: "आणि मग... आणि मग... आणि मग..." त्यावर आम्ही एक उपाय केला. वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर पण, म्हणून, कारण, तेवढ्यात, तोपर्यंत, नाहीतर असे शब्द लिहिले. चित्राबरोबर एक चिठ्ठीही उचलायची आणि तो शब्द वाक्यात आलाच पाहिजे. वाचता येत नसेल तर तुम्ही चिठ्ठी वाचा. "तेवढ्यात" निघालं की गोष्टीत काहीतरी घडावंच लागतं. "कारण" निघालं की मूल क्षणभर थांबतं, डोळे वर करतं, आणि मग जे सांगतं ते ऐकण्यासारखं असतं.

*अक्षरांचे खेळ.* थोडक्यात सांगते. चित्राचं कार्ड काढा, त्या शब्दाच्या टाळ्या वाजवा, जितक्या टाळ्या तितकी घरं पुढे. एक मात्र लक्षात ठेवा. "फुलपाखरू" बोलताना फुल-पाख-रू असे तीन ठोके पडतात, लिहिताना अक्षरं पाच होतात. "कासव" बोलताना का-सव, लिहिताना तीन अक्षरं. वाचायला न लागलेल्या मुलाबरोबर तोंडाचे ठोके मोजा. वाचू लागलेलं मूल अक्षरं मोजेल आणि भांडेल, तेव्हा त्याच्या बाजूने निकाल द्या. लिहिण्यात आणि बोलण्यात फरक आहे हे त्याला कळलंय.

पायरी ६: हार, रुसवे, रडीचा डाव

मूल पट उधळतं तेव्हा बहुधा भावना मोठी असते आणि शब्द कमी पडलेले असतात. ते शब्द आधीपासून कानावर असावे लागतात. त्यासाठी तुम्ही हरताना बोला. "हिरमुसले मी, अगदी शंभरच्या दारातून परत आले." "वैताग आला बाई या सापाचा." "तुझा हेवा वाटतोय, तुला दोन शिड्या मिळाल्या." आणि जिंकताना, "धाकधूक होत होती, सुटले!" राग, आनंद, दुःख या तीन शब्दांवर भागवू नका. ऐन रडण्याच्या वेळी मात्र शब्द शिकवायला जाऊ नका. जवळ घ्या, पट उद्या मांडू.

हरणं अजिबात सोसत नसेल तर काही दिवस सगळे एका बाजूला असलेले खेळ खेळा. १९८६ साली जर्मनीत निघालेला "ऑर्चर्ड" हा असा जुना खेळ. कावळा येण्याआधी सगळ्यांनी मिळून बागेतली फळं तोडायची, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. मराठीत याचा एक खास लाभ होतो. अशा खेळात "आपण" भरपूर बोललं जातं. "आपण आधी लाल घेऊ", "आपल्याला दोनच उरलेत". "आम्ही"त समोरचा नसतो आणि "आपण"मध्ये असतो, हा फरक मुलाला बाजू बदलताना लख्ख कळतो.

पायरी ७: डबा बंद झाल्यावर

खेळ पाहिला नाही अशा माणसाला तो सांगायचा. संध्याकाळी घरी आलेल्या बाबांना, फोनवर मावशीला. तुम्ही शेजारी बसा, पण मुलाच्या तोंडचा घास घेऊ नका. अडलं तर नुसता धागा द्या, "आणि ९८ वर काय झालं?" डोळ्यांसमोर नसलेली गोष्ट क्रमाने सांगणं ही शाळेत सतत लागणारी भाषा आहे, आणि तिच्यासाठी आजचा डाव हा आयता विषय.

घरात दोन भाषा असतील तर

दोन भाषांमुळे बोलणं लांबतं, ही भीती मनातून काढून टाका. ज्याला जी भाषा सहज, भरभरून येते त्याने त्या भाषेत खेळावं. आईबरोबर एका भाषेत, बाबांबरोबर दुसऱ्या, चालतं. मूल "माझी ब्लू सोंगटी" म्हणालं तर "हो, तुझी निळी सोंगटी पुढे आहे" म्हणा, एवढंच.

अबोल मूल, अडखळणारं मूल

अबोल मुलाकडून पहिले काही दिवस एका शब्दाचीही अपेक्षा ठेवू नका. तुम्ही तुमची वाक्यं बोलत राहा, त्याला फासा टाकू द्या. अडखळणाऱ्या मुलाचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, "हळू बोल" म्हणायचं नाही, आणि घड्याळ लावून खेळायचे खेळ बाजूला ठेवायचे. स्वतःचा वेग मात्र जरूर कमी करा.

काही बाबतींत खेळावर विसंबून वाट पाहू नका. दोन वर्षं पूर्ण झाली तरी दोन शब्द जोडत नाही, तीन पूर्ण झाली तरी घरच्यांनाच बरंचसं बोलणं कळत नाही, चार पूर्ण झाली तरी बाहेरच्यांना कळत नाही, हाक मारल्यावर वळून बघत नाही, किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात नाहीसे झाले, तर बालरोगतज्ज्ञांकडे आणि स्पीच थेरपिस्टकडे जा. आधी श्रवणचाचणी करून घ्या, नीट ऐकूच येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

आणि पटाच्या डब्यातच एक छोटी वही ठेवा. आठवड्यातून एकदा तारीख टाकून मुलाचं त्या दिवशीचं सगळ्यात लांब वाक्य जसंच्या तसं लिहा, चुकांसकट. माझ्या वहीतल्या एका पानावर "आई साप नको" आहे, आणि बऱ्याच पानांनंतर "तू मुद्दाम हळू टाकतेस ना, म्हणजे मी जिंकावं म्हणून?" हे आहे. तज्ज्ञांकडे जायची वेळ आली तर "बोलतो तसा, पण कमी" यापेक्षा ही वही त्यांच्या खूप जास्त उपयोगी पडते. जाताना ती बरोबर न्या.